कॉरिबच्या पाण्यातली पाचवी काडी

आयर्लंडहून आल्यापासून सांगलीत जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी हिरवी कुरणं सांगते, मेंढ्या सांगते, चुना-मातीशिवाय रचलेले दगडी बांध सांगते, रात्री दहा वाजले तरी मावळायचं नाव न घेणारा सूर्य सांगते. ऐकणारे खूश होऊन जातात. पण खरं सांगायचं तर चार आठवडे मी तिथे मुख्यतः एक बाई पाहिली. तिचं नाव नोरीन. तिला बघून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. माझी एकुलती एक लेक रेवा शिकायला तिकडे गेली ती दोन वर्षांत येते म्हणून. सहा वर्षं झाली. आता ती कासलबार नावाच्या गावात, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. यंदा पुण्यातल्या एका लॅबनं तिला बोलावलं होतं, आणि हो की नाही ते जूनअखेर कळवायचं होतं. आमचे हे गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हते. निघताना मला म्हणाले, "देश बघ, हिंड, फिर. पोरीच्या मागे लागू नकोस." मी बरं म्हटलं. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, हळद, चार किलो बेदाणे आणि देवघरातला पितळेचा छोटा गणपती भरला आणि पोरीच्या मागे लागायचं ठरवूनच विमानात बसले.

कासलबार

गाव लहान, स्वच्छ. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. चाळणीतून पीठ पडावं तसा दिवसभर भुरभुरतो आणि त्यात लोक छत्रीशिवाय हिंडतात. रस्त्यात कुणीही ओळखपाळख नसताना हवापाण्याची चौकशी करतं. पावसाला ग्रँड, उन्हाला ग्रँड, तब्येतीला ग्रँड. आयुष्यभर ट्रंक कॉलवर इंग्रजी ऐकलेली मी, पण त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं. उरलेलं मी हसून साजरं करत असे.

रेवानं मला आपली झोपायची खोली दिली आणि स्वतः सोफ्यावर गेली. मी खिडकीच्या कट्ट्यावर गणपती मांडला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डबे उघडून बघते तर काय, दिवाळीत पाठवलेल्या बेदाण्यांचा पत्ता नाही.

"अगं, दोन किलो बेदाणे एकटीनं संपवलेस?"

"नाही गं. ते नोरीनच्या प्रेसमध्ये आहेत."

"प्रेसमध्ये? छापखान्यात?"

"कपाट गं आई! इथे कपाटाला प्रेस म्हणतात. नोरीन ब्रेडमध्ये घालते ते. एकदम मस्त होतो. रविवारी येशीलच ना तू, खाऊन बघ."

आमच्या सांगलीचे बेदाणे. मी स्वतः एकेक देठ काढून, कापडी पिशवीत शिवून पाठवलेले. कुणा नोरीनच्या कपाटात. मी त्या दिवशी पोळ्या जरा जोरातच लाटल्या.

मग कळत गेलं. दर रविवारी रेवा तिच्याकडे जाते. तासाभराच्या अंतरावर कॉरिब नावाचा भला मोठा तलाव आहे, तिथल्या एका खाडीतलं पाण्याखालचं तण काही हौशी पाणबुडे मिळून काढतात. रेवाही पाण्याखाली जाते. हे तिनं मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. "तू घाबरली असतीस म्हणून," म्हणाली. नोरीनला मात्र सगळं माहीत. मला खरं तर काळजी वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, आधी वाटला तो हेवाच.

तलावाकाठी, पहिला रविवार

कॉरिब बघून मात्र माझी बोलती बंद झाली. पलीकडचा काठ दिसत नाही. मध्ये बेटंच बेटं, मागे निळसर डोंगर. मे महिना, त्यामुळे पाण्यावर इवल्या पंखांच्या किड्यांचे थवे, आणि त्या किड्यांवर टपलेल्या ट्राउट माशांसाठी गळ टाकून बसलेले म्हातारे. एवढ्या सगळ्यात एक बाई नको होती, तर ती धक्क्यावरच उभी.

माझ्याच वयाची. पांढरे आखूड केस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरावर विरलेला स्वेटर. एके काळी शाळेची बस चालवायची. नवरा गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. आता पाणबुडे खाली असताना ती वर बोट सांभाळते. तिनं माझे दोन्ही हात धरून बरंच काही म्हटलं. रेवा तिला नुसतं "नोरीन" म्हणत होती. आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक! आमच्याकडे निदान काकू तरी म्हणतात. मी तसं म्हटलं, तर रेवा हसली, "आई, तिला काकू म्हटलं तर तिला वाटेल मी शिवी देतेय."

मग रेवानं पाणबुड्यांचा तो जाड काळा सूट चढवला आणि नोरीनसमोर एका उलट्या बादलीवर बसली. पाण्याखाली डोक्याला घट्ट टोपी लागते, केस सुटे चालत नाहीत. नोरीननं तिचे केस विंचरले, तीन पेड काढले आणि मानेशी घट्ट वेणी घातली. रेवा हूं की चूं न करता बसली होती. ही तीच पोरगी, जी बारावीपर्यंत माझ्या हातात डोकं दिलं की तीन वेळा किंचाळायची, मान झटकायची आणि अर्धी वेणी घेऊन पळायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेणी होईपर्यंत रेवा मला त्या तणाबद्दल काहीतरी सांगत होती: कुणाच्या तरी बागेतल्या हौदातून नाहीतर माशांच्या काचपेटीतून ते तलावात आलं, मूळचं आफ्रिकेतलं, इथल्या झाडांना, माशांना जगू देत नाही, ते कसं वाढतं, काय जपावं लागतं. मी हं हं करत होते. माझं लक्ष त्या पांढऱ्या, तांबूस ठिपक्यांच्या बोटांकडे होतं. ती बोटं वेणीच्या टोकाला रबर लावत होती.

पाणबुडे खाली गेले आणि खाडीतला तणाचा शेवटचा दाट पट्टा पिशव्या भरभरून वर आला. तण दिसायला इतकं देखणं, की त्याला तण म्हणवेना. गर्द हिरव्या काड्या, त्यांवर मागे वळलेली कुरळी पानं. नोरीन एकेक पिशवी बांधून मोजून वर रचत होती.

एका गोष्टीनं मात्र मला त्या दिवशी जरा बरं वाटलं. बोटीत गुंडाळून ठेवलेल्या गठ्ठ्यांचा वास आला आणि मी ओरडलेच, "अगं, हे तर गोणपाट!" मार्केट यार्डात हळदीची पोती असतात ना, अगदी तेच. तण जिथे फार माजतं तिथे तळावर हे गोणपाट अंथरतात, वर दगड ठेवतात. खालचं तण अंधारात मरतं. इथलं मूळचं शेवाळ मात्र धाग्यांमधून वर येतं आणि वर्षा-दोन वर्षांत गोणपाट कुजून जातं. नोरीन दोन तुकडे दोरीनं कसेबसे बांधत होती. मी तिच्या हातून ते घेतलं आणि जाड सुई मागून गोणीचा टाका घालून दाखवला. ती "ब्रिलियंट, ब्रिलियंट" म्हणत राहिली. मनात म्हटलं, आत्ता कुठे कळेल बाईला.

नंतर तिच्या स्वयंपाकघरात चहा, माशाचं दाट सूप आणि तो ब्रेड. माझे बेदाणे घातलेला. तो उत्तम होता हे सांगताना मला आजही त्रास होतो.

निघताना मी एक उद्योग केला. कुठेही गेलं की एखादी फांदी, एखादं रोप घेतल्याशिवाय परत यायचं नाही, ही आम्हा बायकांची खोड. त्यात दोन दिवसांवर संकष्टी, आणि कासलबारमध्ये दूर्वा मला कुठे दिसल्या नव्हत्या. नोरीन किटली विसळत होती. मी उघड्या पिशवीतून चांगल्या निवडून पाच काड्या काढल्या आणि ओल्या रुमालात गुंडाळल्या. दूर्वा विषम संख्येत वाहतात, म्हणून पाच.

संकष्टी

त्या देशात संकष्टी करणं म्हणजे परीक्षाच. सूर्यच मावळेना, तर चंद्र कुठला? रेवा म्हणाली, "सांगलीचा चंद्र धर ना." तेव्हा आमच्या ह्यांनी गच्चीत जाऊन चंद्र दिसल्याचं फोनवर कळवलं आणि मी तिकडे लख्ख उजेडात, संध्याकाळी साडेपाच वाजता उपास सोडला.

त्या पाच काड्या मी देवापुढे वाटीत पाणी घालून ठेवल्या होत्या. फुलं दोन दिवसांत मान टाकतात. या काड्या आठवडा झाला तरी ताज्या. पुढच्या रविवारी वादळ होतं म्हणून तलावावर जाणं झालं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी पाहते तर काड्यांना पांढरी बारीक मुळं फुटलेली. मला तो देवाचा कौलच वाटला. रेवा सकाळी लवकर जायची, माझ्या खोलीत तिचं येणं नव्हतं. तिला मी काही सांगितलं नाही. देवाशी माझं खासगी बोलणं चाललं होतं.

मधल्या दिवसांत पुण्याचा विषय मी तीनदा काढला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "जाईन असं वाटतंय गं आई. कॉरिबची आमची खाडी यंदा क्लीन निघाली तर सुटल्यासारखं होईल. चार वर्षं लागली तिला." माझं निम्मं काम झालं होतं. राहिलं ते देवाच्या हातात, असं मी ठरवलं.

तिसरा रविवार

निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक. आमची कृष्णा घाटावरून सगळं पोटात घेते. (घेऊ नये असं हल्ली घाटावर पाटीच लावली आहे, पण हातांना वाचता येत नाही.) मी वाळक्या पाकळ्या आणि त्या पाच काड्या डब्यात घालून तलावावर नेल्या.

सगळे खाडीच्या दुसऱ्या टोकाला होते. नोरीन बोटीत दोरी धरून माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी धक्क्याच्या पायऱ्या उतरले, निर्माल्य पाण्यात सोडलं आणि हात जोडले. काय मागितलं तेही सांगते: माझी लेक मला परत दे, या बाईच्या हातून सोडव.

संध्याकाळी रेवा वर आली ती हसतच. खाडीत एकही काडी सापडली नव्हती. नोरीननं तिला घट्ट मिठी मारली. या वेळी मी तेही पाहून घेतलं. म्हटलं, मार बाई, थोडे दिवस राहिलेत तुझे.

सोमवार, सुट्टीचा दिवस

सोमवारी तिथे सार्वजनिक सुट्टी होती, म्हणून काठाची शेवटची तपासणी करायला आम्ही परत गेलो. रेवा धक्क्याच्या बाजूला उतरली आणि पाचच मिनिटांत वर आली. तिच्या मुठीत एक हिरवी काडी होती. कुरळ्या पानांची, पांढऱ्या मुळांची.

"मुळं आहेत हिला," ती नोरीनला म्हणाली. मग मला मराठीत समजावलं, "आई, याला बी नसतं इथे. एवढा तुकडा पुरतो. एका तुकड्यापासून सगळी खाडी भरते. तेच सांगत होते मी तुला त्या दिवशी."

मला घाम फुटला. बारा अंश थंडीत.

नोरीनचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. तिनं सगळा दोष स्वतःवर घेतला: पिशव्या तिच्या ताब्यात, तिनंच एखादी नीट बांधली नसणार, डोळे गेलेत, हात थरथरतात, आता हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. रेवा तिचा खांदा चोळत "तुझी चूक नाही" म्हणत होती, पण तिची नजर पहिल्या रविवारपासून धक्क्यावर रचून ठेवलेल्या पिशव्यांवरून फिरत होती. तीन आठवडे मला जे हवं होतं, ते समोर होतं. माझ्या लेकीच्या नजरेत ती बाई उतरत होती, आणि मला बोटही उचलावं लागत नव्हतं. चार दिवसांनी माझं विमान. कुणाला कधीच कळलं नसतं.

मी एक कप चहा पिण्याइतका वेळ गप्प बसले. हेही लिहिलंच पाहिजे.

मग नोरीन गुडघे टेकून बसली आणि एकेक पिशवी उघडून, उजेडात धरून भोक शोधायला लागली. तिला ते सापडणार नव्हतं. तिच्या बोटांकडे मला बघवेना.

"रेवा," मी म्हटलं, "ते मी टाकलं. निर्माल्य होतं."

तिला आधी कळेचना. मग मी सगळं सांगितलं, रुमालापासून धक्क्यापर्यंत. देवाकडे काय मागितलं तेवढं सोडून. आणि मग माझी लेक अशी कडाडली की मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांनीही गळ सोडून आमच्याकडे पाहिलं.

"आई, अक्कल आहे का तुला? चार वर्षं! हिवाळ्यात बोटं बधिर होईपर्यंत एकेक काडी हातानं उपटली आहे आम्ही! आणि तू देवाला वाहून परत पाण्यात? मी सांगितलं होतं ना तुला? तू कधी ऐकतेस का माझं?"

"तेव्हा ती तुझी वेणी घालत होती," मी म्हटलं. "मी तिच्या हातांकडे बघत होते."

रेवा थांबली. "काय?"

"माझ्या हातात कधी अशी गप्प बसली नाहीस."

ती नाक पुसून म्हणाली, "किती होत्या?"

"पाच."

"नक्की?"

"देवाला वाहिल्या होत्या. चार कोण वाहील?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

रेवानं दोघा सोबत्यांना फोन करून बोलावलं आणि तिघं पाण्यात उतरले. मला नोरीननं हात देऊन बोटीत घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा लहान बोटीत बसले आणि भीती वाटायलाही जागा नव्हती, एवढी लाज भरली होती. मी मोडक्या इंग्रजीत तिची माफी मागितली. ती दोरीवरची नजर न काढता, मला कळावं म्हणून सावकाश बोलली. तिचं म्हणणं असं होतं: चार वर्षांत रेवा तिच्यावर एकदाही ओरडली नाही. सदा प्लीज, सदा थँक्यू. आज तिनं रेवाचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. "माझा मुलगाही लहानपणी असाच ओरडायचा माझ्यावर," ती म्हणाली. "आता फोनवर फार सभ्य बोलतो." मग म्हणाली की रेवाला तसं ओरडताना पाहून तिला माझा हेवा वाटला.

मला बरं वाटलं. एवढं सगळं करून ठेवलं होतं, तरी बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत चार काड्या मिळाल्या. पाचवी मिळाली नाही.

सांगली

मी ठरल्या दिवशी एकटी परत आले. रेवानं पुण्याला "नाही" म्हणून कळवलं. म्हणाली, पाचवी काडी सापडली, किंवा दोन उन्हाळे खाडीत काहीच उगवलं नाही, तर मग बघू. आमचे हे म्हणतात, ती तशीही आली नसती. असेल. पण थांबायला तिला कारण हवं होतं, आणि ते मी विमानातून जाऊन, उपास करून, हात जोडून तिला देऊन आले.

आता दर रविवारी रात्री तिचा फोन येतो. ती पाण्यातून नुकतीच वर आलेली असते, श्वास अजून लागलेला असतो. मी विचारते, "सापडली का गं?" ती म्हणते, "नाही." मग कधी माझ्यावर ओरडते, कधी हसते. मी रोज सकाळी गणपतीसमोर पाचव्या काडीचं मागणं मागते, आणि निर्माल्य कुंडीतल्या मातीत पुरते. तिकडे नोरीन बोटीत दोरी धरून पाण्याकडे बघत बसलेली असते. काडी सापडू नये, असंच ती मागत असणार. मी तिच्या जागी असते तर तेच मागितलं असतं.